अप्पर-डिपरची गंमत

मित्रांनो, कुर्डुवाडीहून बार्शीला रात्रीच्या एस.टी.नं गेलाय कधी? समोरून गाडी आली, की ड्रायव्हरकाका झटकन दिवे खाली घेतात. पण दिवा तर जागचा हलत नाही!

गंमत बल्बच्या पोटात आहे. मोटारीच्या एच-4 या हॅलोजन बल्बमध्ये टंगस्टनच्या दोन तारा असतात. अप्परची 60 वॅटची, डिपरची 55 वॅटची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. तिच्यामुळे उजेड मागच्या आरशाच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर उतरतो. खालच्या भागावर पडला असता, तर तो वर उसळून थेट समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता!

डोळे दिपले, की काही क्षण काहीच दिसत नाही. तेवढ्यात पुढं मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली असली तर? जादा वॅटचे बल्ब लावून मिरवणाऱ्यांचा मला रागच येतो. बल्ब खोबणीत तिरका बसला, तरी उजेड वर जातोच.

आज संध्याकाळी बाबांना गाडी भिंतीसमोर थोडी लांब उभी करून डिपर लावायला सांगा. उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीच्या खाली दिसायला हवी. वर दिसली, तर उद्याच मेकॅनिककाकांकडे!