एका ‘ऑफ’ने केलेला घोटाळा

आमचा भाचा केज तालुक्यातला. पुण्यात एका गोदामात कामाला आहे. गेल्या पावसाळ्यात सलग दोन पाळ्या केल्यावर त्याने साहेबांना मोबाइलवर इंग्रजीत निरोप पाठवला, ‘आय ॲम टायर्ड ऑफ धिस वर्क.’ त्याला म्हणायचं होतं, कामाने थकलोय, उद्याची सुट्टी द्या. साहेबांनी उलट विचारलं, नोकरी सोडायचा विचार आहे का? रात्री अकराला आम्हाला फोन आला, ‘मामू, मैं ऐसा क्या लिख दिया?’

‘टायर्ड ऑफ’ म्हणजे कंटाळलो, विटलो. अंगाने थकलो असं सांगायचं तर ‘टायर्ड फ्रॉम’ किंवा ‘टायर्ड आफ्टर’. शब्द तोच, पण मागून आलेल्या इवल्याशा प्रिपोझिशनने अर्थ फिरवला.

आपल्या मुलांच्या चुका बहुतेक एकाच वाटेने येतात. मनात वाक्य मराठीत किंवा दखनीत तयार होतं आणि प्रत्ययाचं सरळ भाषांतर होतं. ‘माझ्यावर रागावला’ म्हणून ‘अँग्री ऑन मी’. हवं ‘अँग्री विथ मी’, आणि एखाद्या गोष्टीवरून राग असेल तर ‘अँग्री अबाउट’. ‘शाळेत गैरहजर’ म्हणून ‘ॲबसेंट इन स्कूल’. हवं ‘ॲबसेंट फ्रॉम’. ‘दुधाने भरलेला’ म्हणून ‘फुल विथ मिल्क’. हवं ‘फुल ऑफ’. स्थळासाठी बायोडेटा करताना बहिणीच्या नावापुढे हमखास ‘मॅरीड विथ’ येतं, कारण आपल्याकडे लग्न कुणाशी तरी किंवा कुणासे तरी होतं. इंग्रजीत ते ‘मॅरीड टू’ असतं.

‘गुड’चा मामला जरा मोठा आहे. पोरगी गणितात हुशार असेल तर ‘गुड ॲट मॅथ्स’. मध खोकल्याला चांगला, तर ‘गुड फॉर’. शेजारीण आजारपणात आपल्याशी चांगली वागली, तर ती ‘गुड टू अस’. तीन ठिकाणी तीन अर्थ. ‘रिस्पॉन्सिबल’चंही तसंच: कामाची जबाबदारी असेल तर ‘फॉर’, आणि ज्या साहेबाला जाब द्यायचा त्याच्यापुढे ‘टू’. नोकरीच्या अर्जात ही अदलाबदल झाली तर वाचणारा गोंधळतो.

‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपीरिअर’, ‘इन्फीरिअर’ या चौघांनंतर मात्र डोळे मिटून ‘टू’ लिहावं. हे शब्द लॅटिनमधून आले आहेत, त्यांच्यातच ‘पेक्षा’चा अर्थ आहे, म्हणून ‘दॅन’ चालत नाही.

बाकी ठिकाणी नियम शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही. ‘अफ्रेड’ला ‘ऑफ’ का आणि ‘वरीड’ला ‘अबाउट’ का, याचं सोपं उत्तर नाही. ती जोडी तशी रूढ झाली आहे, एवढंच. हे ऐकून आया निराश होतात. पण आपल्या घरातली पोरं हेच काम रोज करतात. अम्मीशी बोलताना ‘उससे पूछ’ आणि गल्लीतल्या मित्राशी ‘त्याला विचार’. घरात ‘मेरे से नाराज’, शाळेत ‘माझ्यावर नाराज’. ‘से’चा कुठे ‘ला’ होतो, कुठे ‘वर’, हे त्यांना कुणी शिकवलं? जोडी कानावर पडली आणि बसली. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं, कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा, तेव्हाही आपले वडीलधारे असेच दोन्हीकडे वावरत होते.

म्हणून वहीत नुसतं ‘अफ्रेड – घाबरलेला’ लिहू नये. ‘अफ्रेड ऑफ डॉग्ज’ असा तुकडाच लिहावा आणि मोठ्याने म्हणावा. घरातल्या छोट्या इंग्रजी-मराठी शब्दकोशात बहुधा अर्थच असतो. ए. एस. हॉर्नबी यांनी सुरू केलेल्या ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मोठ्या शब्दकोशात विशेषणाबरोबर कोणतं प्रिपोझिशन येतं तेही दिलेलं असतं. तो महाग वाटला तर शाळेच्या ग्रंथालयात चौकशी करावी. इंग्रजी न येणारी अम्मीसुद्धा तपासणी करू शकते: भाकरी थापताना तिने ‘फॉन्ड?’ विचारायचं, पोराने ‘ऑफ’ म्हणायचं. ‘इंटरेस्टेड?’ ‘इन’. ‘प्राउड?’ ‘ऑफ’. ‘फेमस?’ ‘फॉर’.

एका शब्दाने आम्हालाही चकवलं. ‘डिफरंट फ्रॉम’ सगळीकडे चालतं. पण इंग्रज बोलताना ‘डिफरंट टू’ही म्हणतात आणि अमेरिकन ‘डिफरंट दॅन’. परीक्षेत ‘फ्रॉम’च लिहावं.

भाच्याने त्या रात्रीच दुसरा निरोप पाठवला, ‘टायर्ड आफ्टर टू शिफ्ट्स, नॉट टायर्ड ऑफ द जॉब.’ सुट्टी मिळाली. आता साहेबांना काही लिहायचं असलं की आधी आम्हाला पाठवतो, कधी कधी रात्री अकरालाच.