चार यार्डांची किंमत

फुटबॉल म्हटले की आपल्याला पायाने मारायचा चेंडू आठवतो. अमेरिकेत त्याच नावाने जो खेळ खेळतात, त्यात चेंडू बहुधा हातातच असतो. या खेळात नायजेरियाच्या ख्रिश्चन ओकोये याने नाव मिळविले. त्याची कारकीर्द समजण्यासाठी आधी खेळाचा एक नियम समजून घेतला पाहिजे.

प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानात असतात. चेंडू ज्या संघाकडे असेल, त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावे लागते. ते जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चेंडू छातीशी धरून प्रतिपक्षाच्या फळीत घुसणाऱ्या खेळाडूला ‘रनिंग बॅक’ म्हणतात. त्याला खाली पाडले की तो प्रयत्न संपतो.

ओकोयेचा जन्म १९६१ साली एनुगू येथे झाला. त्याच्या बालपणीच, १९६७ ते १९७० या काळात, तो प्रदेश बियाफ्राच्या यादवी युद्धात होरपळला. पुढे थाळीफेकीतील कौशल्यावर शिष्यवृत्ती मिळवून तो अमेरिकेतील अझूसा पॅसिफिक या लहानशा महाविद्यालयात दाखल झाला. १९८४ चे ऑलिंपिक जवळच लॉस एंजेलिसला भरले, पण नायजेरियाच्या संघात त्याची निवड झाली नाही. त्यानंतर तो फुटबॉलकडे वळला. त्याच्या बरोबरीची मुले हा खेळ लहानपणापासून खेळत आलेली. हा मात्र विशी ओलांडल्यावर नियम शिकू लागला!

तीनच वर्षांनी, १९८७ मध्ये, कॅन्सस सिटी चीफ्स या व्यावसायिक संघाने त्याला निवडले. सुमारे २६० पौंड वजनाचा हा धावपटू अंगावर आला की अडवणाऱ्यांची त्रेधा उडे. ‘नायजेरियन नाईटमेअर’, म्हणजे नायजेरियाचे दुःस्वप्न, हे नाव त्याला त्यावरूनच पडले. १९८९ च्या हंगामात त्याने ३७० वेळा चेंडू नेला व १,४८० यार्ड मिळविले. त्या वर्षी लीगमध्ये तोच पहिला आला.

हिशेब केला तर सरासरी बरोबर चार यार्ड येते. आकडा लहान वाटतो; पण चार-चार यार्डांच्या तीन धावांत बारा यार्ड होतात आणि दहाची अट पुरी होते. संघाला हवी असते ती हीच खात्री. मात्र या खात्रीची किंमत शरीर मोजते. धाव बहुधा धडकेने नाहीतर पडण्याने संपते, आणि ते शेकडो वेळा! दुखापतींनी ओकोयेला गाठलेच. १९९२ चा हंगाम त्याचा अखेरचा ठरला. सहा हंगामांत ४,८९७ यार्ड आणि ४० टचडाऊन एवढी त्याची कमाई. त्या वेळी चीफ्सच्या कोणत्याही धावपटूने त्याच्याइतके यार्ड मिळविले नव्हते.

शिष्यवृत्तीच्या आधाराने शिकणाऱ्या आम्हां मुलांना या कथेत केवळ पराक्रम दिसत नाही. एक दार बंद झाले तेव्हा ओकोये महाविद्यालयात होता, म्हणून दुसरे दार त्याच्या हाताशी होते. शिक्षणसंस्थेचा खरा उपयोग हाच नव्हे काय? पण ज्या शरीराने ते दार उघडले, त्याने सहाच हंगाम साथ दिली, हेही आपण विसरता कामा नये.