वजन उतरले, कातडे लोंबले : पुढे काय?



ऊस विकास विभागाने कातडीवर लिहावे याचे नवल वाटेल. पण लागवडीच्या नोंदी घेताना एका सभासदाने आम्हाला बांधावर बाजूला घेतले. दोन वर्षांत त्यांनी ४५ किलो वजन उतरवले. म्हणाले, "साहेब, गुडघे मोकळे झाले, पण पोटाचं कातडं लोंबते. विहिरीवर आंघोळीची लाज वाटते. अर्धा एकर विकून ऑपरेशन करू का?" आम्ही डॉक्टर नव्हे, जाणकारांना विचारून मिळालेली माहिती देत आहोत.

मोळीतला निम्मा ऊस काढला की दोर सैल पडतो, तसेच हे. वर्षानुवर्षे ताणलेल्या कातडीचे लवचीक तंतू तुटतात. चरबी गेली तरी ती पूर्ण आखडत नाही. व्यायामाने आतले स्नायू भरतात, पण जादा कातडे मलमाने वा मालिशने जात नाही. जाहिरातींवर पैसा घालवू नये.

बुलढाण्याच्या उन्हाळ्यात घडीत घाम साचून चट्टे उठतात. जागा धुऊन कोरडी ठेवावी, सुती कापड वापरावे. तरी चिघळल्यास दवाखाना गाठावा.

२०११ साली नितीन गडकरींनी करून घेतली ती वजन घटवण्याची शस्त्रक्रिया. कातडे काढण्याची निराळी. ती प्लास्टिक सर्जन करतात. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात या शास्त्राचा विभाग १९५० च्या दशकातच निघाला. तिच्याबाबत ध्यानात ठेवावे :

१. कोवळा ऊस तोडला तर उतारा मिळत नाही. वजन निदान सहा महिने स्थिर राहू द्यावे. वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबावे.

२. बिडी-तंबाखू निदान महिनाभर आधी बंद. नाहीतर जखम भरत नाही.

३. रक्त व साखर तपासून घ्यावी.

४. लांब व्रण कायम राहतो. सुमारे सहा आठवडे ओझे उचलता येत नाही. लागण-तोडणीच्या दिवसांत करू नये.

निव्वळ दिसण्यासाठीचा खर्च सरकारी योजनेत सहसा बसत नाही. पण वारंवार चिघळणारे चट्टे किंवा हर्निया असेल तर तशी नोंद दवाखान्याच्या कागदावर करून घ्यावी व मग योजनेची चौकशी करावी.

त्या सभासदांना आम्ही एवढेच सांगितले : रान विकायची घाई करू नका, आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. आणि लाज कसली? ४५ किलो उतरवणे हे काही कमी कष्टाचे पीक नव्हे.