पेटी नव्हे, सुतारच धाडा

संगणकाच्या भाषेत सारख्या खणांच्या पेटीस ‘ॲरे’ म्हणतात. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जावा’ या भाषेत तिचा नियम मोठा कडक आहे. खण किती आणि त्यांत कोणत्या जातीची वस्तू ठेवावयाची, हे पेटी घडवितानाच सांगावे लागते. मागाहून एक खणही वाढत नाही.

आता स्नेहसंमेलनाचेच उदाहरण घेऊ. शाळेतील सर्वांची नावे एकामागून एक प्रवाहासारखी चालली आहेत (जावातही यास ‘स्ट्रीम’ असेच नाव आहे), आणि त्यांतून नाटकात काम करणाऱ्यांची तेवढी गाळून पेटीत भरावयाची आहेत. ती किती निघतील? गाळणे संपेपर्यंत आपणांस ते सांगता येणार नाही. प्रवाहास मात्र शेवटी तो आकडा कळतो. उलट नावे ‘स्ट्रिंग’ जातीची, हे आपण जाणतो. पण मौज अशी की, प्रवाहास ते ठाऊक नसते! कंपायलर जातीची तपासणी करतो खरा, परंतु प्रत्यक्ष काम चालू होते तेव्हा प्रवाहापाशी तिची खूण उरलेली नसते. काहीच न सांगता पेटी मागितली, तर तो ‘ऑब्जेक्ट’ या सर्वसामान्य जातीची पेटी हाती ठेवतो.

एकास जात ठाऊक, दुसऱ्यास संख्या. मग पेटी करावी कोणी? २०१४ सालच्या आठव्या आवृत्तीत यावर तोड निघाली. तयार पेटी न देता ती घडविणारा कन्स्ट्रक्टरच फंक्शन म्हणून प्रवाहाच्या स्वाधीन करावयाचा: ‘स्ट्रिंग[]::न्यू’. या कंसांत आकडा नाही, हे नीट पाहावे. येथे पेटी घडत नाही. केवळ सुताराची गाठ घालून दिली जाते. नावे मोजून झाली की प्रवाह त्याला म्हणतो, “बारा खण हवेत,” आणि बारा खणांची स्ट्रिंग-पेटी तयार होते. २०१८ साली, अकराव्या आवृत्तीत, साध्या याद्यांनाही हीच सोय मिळाली.

मात्र सुतार निवडताना सावध असावे. नावांसाठी चुकून ‘इंटिजर[]::न्यू’ लिहिले, तरी कंपायलर हरकत घेत नाही. काम चालू झाल्यावर पहिलेच नाव खणात शिरेना, की ‘ॲरे-स्टोअर-एक्सेप्शन’ अशी ओरड होते आणि काम तेथेच थांबते.