सायकलवर किती कॅलरी जळल्या? पॉवर मीटर अर्धंच उत्तर देतो

सायकलिंग ॲपचा असा स्क्रीनशॉट तुमच्याही फीडमध्ये आला असेल : १ तास, सरासरी २०० वॅट, ७२० कॅलरी. यातले वॅट मोजलेले असतात. कॅलरी मात्र अंदाजाने काढलेल्या असतात.

पॉवर मीटर पेडलवर किंवा क्रँकवर पडणारा जोर आणि फिरण्याचा वेग मोजतो. २०० वॅट म्हणजे सेकंदाला २०० ज्यूल, तासाला ७२० किलोज्यूल. हे झालं सायकलला मिळालेलं काम. त्यासाठी शरीराने किती ऊर्जा खर्चली, हे मीटरला कळत नाही. त्या खर्चातला साधारण २० ते २५ टक्केच भाग पेडलपर्यंत पोहोचतो. बाकी बहुतेक उष्णता होऊन जातो.

आपण ज्याला बोलताना कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी, म्हणजे ४.१८ किलोज्यूल. कार्यक्षमता २४ टक्के धरली की एकीकडचा भागाकार दुसरीकडच्या गुणाकाराला जवळपास खाऊन टाकतो. त्यामुळे किलोज्यूलचाच आकडा कॅलरी म्हणून खपून जातो. सोय छान आहे, पण तो निव्वळ योगायोग आहे. २५ टक्के कार्यक्षमतेच्या खेळाडूचा खर्च सुमारे ६९० कॅलरी होतो, तर २० टक्केवाल्याचा ८६०. वॅट दोघांचे सारखेच! पाच तासांच्या राइडमध्ये ही तफावत साडेआठशेच्या घरात जाते.

शिवाय एकाच माणसाची कार्यक्षमताही स्थिर नसते. पेडल मारण्याची गती, वेग, थकवा यांनुसार ती बदलते. प्रयोगशाळेत मास्क लावून ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजतात, तेव्हा चित्र बरंच स्पष्ट होतं. पण जोरदार स्प्रिंटमध्ये काही ऊर्जा ऑक्सिजनशिवायच तयार होते आणि ती पद्धतही तोकडी पडते.

आणि सायकलवरून उतरल्यानंतरचे तास? ते मीटरच्या हिशेबात नाहीतच. दिवसभराचा खर्च मोजायला खेळाडूंना हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असलेलं पाणी पाजून लघवीचे नमुने तपासतात. नेदरलँड्सच्या संशोधकांनी टूर द फ्रान्सच्या सायकलपटूंवर हा प्रयोग केला आणि १९८६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेळाडूंनी नोंदवलेल्या आहारापेक्षा खर्च जास्त निघाला.

म्हणूनच ॲपच्या आकड्याइतकंच मोजून खाणारा खेळाडू रोज थोडा उपाशी राहू शकतो. अशी तूट लांबली तर मासिक पाळी बिघडते, हाडं कमजोर होतात. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी या स्थितीला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. पुरुष खेळाडूही त्यातून सुटत नाहीत.