पहिला तास आणि यवतमाळचा रस्ता

कापूस वेचणीच्या दिवसांत दिग्रस-दारव्हा रस्त्यावर संध्याकाळी मजुरांनी भरलेल्या गाड्या धावतात. आपल्या वस्तीतल्या आयाबहिणी त्यातच असतात. गाडी उलटली तर पुढे काय, हे आधी ठरलेले असावे.

नोकरीतली एक रात्र मला विसरता येत नाही. डोक्याला मार लागलेला विशीतला पोरगा. एका खासगी दवाखान्याने 'पोलीस केस आहे' म्हणून परत पाठवला, दुसऱ्याने पैसे मागितले. आमच्याकडे पोचेपर्यंत अडीच तास गेले. आई विचारत होती, "उशीर झाला का वं सिस्टर?" मी काय सांगणार?

खरे तर असे परत पाठवणे बेकायदा आहे. एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने पोलीस केस म्हणून घेतले नाही, २० किलोमीटर दूरच्या रुग्णालयात पाठवले. तो वाटेतच गेला. त्यावरच्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सांगितले : आधी उपचार, कागद नंतर. सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरला हे लागू आहे.

महाराष्ट्रात १०८ ची मोफत सेवा २०१४ साली सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिकांसह. गाडीत डॉक्टर असतो. पण गाडी म्हणजे व्यवस्था नव्हे. इंग्लंडने २०१२ पासून मोठ्या जखमांसाठी रुग्णालयांची साखळी बांधली. गंभीर जखमीला रुग्णवाहिका जवळचे छोटे रुग्णालय सोडून थेट मोठ्या ट्रॉमा केंद्रात नेते, कारण शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि रक्त तिथे चोवीस तास तयार असते. आपल्याकडे 'ट्रॉमा केअर' म्हटले की आधी इमारतीचे भूमिपूजन होते! दिग्रसहून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ६०-७० किलोमीटर. म्हणून तालुक्याच्या रुग्णालयात रक्तस्राव थांबवणे, श्वास मोकळा करणे आणि पुढे फोन करून ठेवणे, एवढे तरी रात्री २ वाजताही व्हायला हवे. निवेदन द्यायचे तर यासाठी द्या.

तोवर आपण काय करायचे? १०८ लावा, गावाचे नाव आणि जवळची खूण सांगा. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, उचलून बघू नका. पाणी पाजू नका. मान-पाठ वाकवून जखमीला रिक्षात कोंबू नका. पाठीचा कणा तिथेच कायमचा जातो. हे मी फार पाहिले आहे.

मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे कलमच आहे, १३४-अ. आणि मे २०२५ पासून रस्त्यावरच्या वाहन अपघातातल्या जखमीला केंद्राच्या योजनेतून ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचा कॅशलेस उपचार मिळतो. योजनेतले रुग्णालय कोणते, ते आजच तालुक्याच्या रुग्णालयात विचारून विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा.