डेक्कन कॉलेजची वास्तु

पुण्याहून बंडाचा पूल ओलांडून येरवड्याकडे गेलें, म्हणजे गर्द झाडीच्या पलीकडे काळसर दगडाची एक इमारत दिसूं लागते. तिचीं उतरतीं छपरें, टोंकदार कमानी व उंच मनोरा पाहून नवख्या माणसास तें ख्रिस्ती मंदिर वाटावें. परंतु ह्या वास्तूचा वंश शोधीत मागें गेल्यास शोधणारा विलायतेस न जातां पर्वतीच्या रमण्यांत येऊन पोहोंचतो !

श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटण्याची वहिवाट पेशव्यांनीं चालविली होती. १८१८ सालीं राज्य गेलें, तरी दक्षिणा एकदम बंद करणें नव्या सरकारास परवडण्यासारखें नव्हतें. एल्फिन्स्टनसाहेबानें ह्या रकमेचा कांहीं भाग विद्येकडे वळविण्याचें ठरविलें, आणि त्याच्यामागून आलेल्या चॅपलिनसाहेबानें ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली. ह्यांत विद्येचा कळवळा किती व शास्त्रीमंडळींस राजी राखण्याचें धोरण किती, ह्याचा निवाडा करणें कठीण. दोन्ही होतीं एवढें खरें. १८५१ सालीं ही पाठशाळा व सरकारी इंग्रजी शाळा एकत्र होऊन ‘पूना कॉलेज’ झालें. वाड्याच्या चौकांत आतां न्याय आणि व्याकरण ह्यांच्या शेजारीं शेक्सपिअरही येऊन बसला.

वाडा अपुरा पडूं लागला. त्या सुमारास अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१–६५) हिंदी कापसास विलक्षण भाव येऊन मुंबई इलाख्यांत पैसा खेळत होता. जीजीभाई घराण्याकडून एक लाख रुपयांची देणगी मिळाली व १५ ऑक्टोबर १८६४ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांनीं येरवड्यास कोनशिला बसविली. ‘डेक्कन कॉलेज’ हें नांव त्याच वर्षाचें. १८६८ च्या मार्च महिन्यांत नवी इमारत उघडण्यांत आली.

नकाशा कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स ह्या लष्करी इंजिनिअराचा. मुंबईचें जुनें सेक्रेटरिएट व पुण्याचें ससून रुग्णालय हींही त्याचींच कामें. त्यानें पद्धति घेतली ती गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन यूरोपांतील. ती थंड देशाची खरी. पण येथें तिचा उपयोग वेगळ्याच रीतीनें झाला. हिमासाठीं उतरतें केलेलें छप्पर पुण्याचें पावसाळी पाणी झरझर वाहून नेतें; उंच छताखालीं उन्हाळ्यांतील ऊन हवा वर चढून राहते. इमारत दुमजली असून मध्यभाग व दोन बाहू मिळून चौकाच्या तीन बाजू होतात, आणि आंतल्या अंगानें कमानींची ओवरी फिरते. एका वर्गांतून दुसऱ्या वर्गांत जाणाऱ्या विद्यार्थ्यास ना ऊन लागे, ना पाऊस. वाड्यांतून आलेल्या संस्थेस चौक आणि ओवरी पुन्हां भेटलीं हा योगायोगच म्हणावयाचा, पण तो मोठा गोड आहे. दगड दख्खनचाच, काळाकरडा व कठीण. त्यावर बारीक नक्षी सहज उठत नाहीं. मुंबईच्या गॉथिक इमारतींत पोरबंदरच्या मऊ दगडावर पानें-फुलें कोरलेलीं आढळतात. तेवढा साज येथें नाहीं. इमारतीची शोभा आहे ती प्रमाणबद्धतेंत व दिवाणखान्याच्या सागवानी छपरांत.

येथें कीलहॉर्न आणि भांडारकर ह्यांनीं संस्कृत शिकविलें. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर येथचेच विद्यार्थी. टिळक-आगरकरांची मैत्री येथेंच जमली, आणि सरकारी नोकरीचा मार्ग सोडून स्वतंत्र शाळा काढण्याचा निश्चयही त्यांनीं ह्याच आवारांत केला. १८८० च्या जानेवारींत विष्णुशास्त्र्यांसह त्यांनीं ‘न्यू इंग्लिश स्कूल’ उघडलें. टिळकांची वसतिगृहांतील खोली जपून ठेविलेली आहे.

परंतु १९३४ सालीं काटकसरीच्या सबबीवर सरकारनें कॉलेजच बंद केलें. येथें प्रश्न केवळ इमारतीचा नव्हता. दात्यानें ज्या कार्यासाठीं पैसा दिला, तें कार्य सरकारास परस्पर मोडतां येईल काय ? सरकार हें ह्या देणगीचें मालक कीं विश्वस्त ? माजी विद्यार्थ्यांनीं हा वाद कोर्टांत नेला. ज्यांना त्या वर्गांत पुन्हां बसावयाचें नव्हतें, पदवी किंवा नोकरी मिळवावयाची नव्हती, त्यांनीं तो नेटानें लढविला. अखेर तडजोड झाली आणि १९३९ च्या ऑगस्टमध्यें दारें पुन्हां उघडलीं. मात्र आतां महाविद्यालय म्हणून नव्हे, तर संशोधनसंस्था म्हणून. डॉ. तारापोरवाला हे पहिले संचालक. डॉ. सांकळिया, डॉ. कात्रे व इरावतीबाई कर्वे हीं मंडळी त्याच वर्षीं येथें रुजू झालीं. पुढें सांकळियांच्या उत्खननांनीं दख्खनच्या प्रागितिहासाचीं पानें उलगडलीं, आणि १९४८ सालीं कात्र्यांनीं संस्कृतच्या ऐतिहासिक शब्दकोशाचें काम हातीं घेतलें. सुमारें दीड हजार ग्रंथांतून शब्द टिपून त्यांच्या चिठ्ठ्या कपाटांत लावण्यांतच वर्षांमागून वर्षें गेलीं. कोशाचा पहिला भाग छापून निघूं लागला तो १९७६ सालीं.